हुंकार

सासूबाईंची नजर अधू झाली, तसा मुलानं त्यांना काडेपेटीएवढा प्लेअर आणून दिला. आत कादंबऱ्याच कादंबऱ्या, कुणीतरी वाचून रेकॉर्ड केलेल्या. खिडकीशी सूनबाईचं शिवणयंत्र खडखडायचं आणि शेजारच्या खुर्चीत, कानांत इअरफोन घालून, सासूबाई म्हणायच्या, "हं… हं…"

"आई, यंत्राला कसला हुंकार देता?" सूनबाई हसायची.

"अगं, हुंकार नसला की सांगणारा थांबतो."

"तो बापडा वाचून केव्हाच घरी गेला, जेवून झोपलासुद्धा!" मुलगा चिडवायचा.

सासूबाई हसायच्या नाहीत.

मग हुंकार बदलले. "नाही हो, इतक्यात नाही," एकदा त्या पुटपुटल्या. पुढे एकदा, "तिच्याशिवाय माझं कसं व्हायचं?"

सूनबाईच्या मनात पाल चुकचुकली. नणंद नुकतीच येऊन गेली होती. "आईला मी नेते" हे तिचं पालुपद. आणि जाण्याआधी प्लेअर घेऊन ती बराच वेळ आतल्या खोलीत बसली होती. म्हणजे पुस्तकाच्या आडून लेक आईचे कान भरतेय तर! पोरक्या सूनबाईला माया मिळाली ती या खुर्चीतूनच. खुर्ची रिकामी झाली, तर घर खायला उठलं असतं.

"कुणाशी बोलता, आई?"

"पुस्तक ऐकतेय गं." सासूबाईंनी प्लेअर मुठीत घट्ट धरला. "तू नको हो ऐकूस."

झालं. संशयाला पाय फुटले.

दुपारी त्यांना डुलकी लागली, तेव्हा सूनबाईनं ती मूठ हलकेच सोडवली. इअरफोन कानांत घालून उशीचे अभ्रे शिवायला बसली. आवाज नणंदेचा नव्हता. कुणी पुरुष संथपणे एका खोलीचं वर्णन वाचत होता. वाक्य संपलं आणि तो थांबला. प्लेअरच्या काचेवरचे आकडे सरकत होते, आवाज नव्हता.

"हं," तिच्या तोंडून निघून गेलं.

"खिडकीशी एक बाई शिवत होती."

"हं."

"शेजारी म्हातारी झोपली होती."

अभ्र्याचा कोपरा वळवता वळवता, "हं."

"नेऊ का?"

"हं."

सुई थांबली.

तिनं इअरफोन ओढून काढले. खुर्चीकडे पाहिलं. सासूबाईंची छाती वरखाली होत होती. तिचा जीव भांड्यात पडला. प्लेअर तिनं गुपचूप त्यांच्या मुठीत सरकवला.

सासूबाई जाग्या झाल्या. सवयीनं इअरफोन घातले.

"सूनबाई, आज वाचणारी बाई आहे गं. आवाज थेट तुझाच!"

मग त्यांचा चेहरा उतरला.

"तू हुंकार दिलास?"

सूनबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पुन्हा उघडलं. ओठ हलले, आवाज निघालाच नाही.

सासूबाईंनी कानांतले इअरफोन दोन्ही तळहातांनी दाबून धरले.

"हं," त्या म्हणाल्या. "थांबू नकोस, बाळ. हं…"