अरुंद चौकट

सोमनाथची आणि धनश्रीची ओळख झाली ती सोमनाथच्या कपाळाला टेंगूळ आणून. तलवाड्याच्या शाळेत तो मास्तर. गावाकडे, तेलगावला, त्यांच्या दारातला कडुनिंब वावटळीत पडला, आणि त्याच लाकडाची गोधड्या ठेवायला पेटी करावी असं आईच्या मनात आलं. म्हणून तो माणिकराव सुताराकडे आला. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत वाकून शिरायचं सोडून ताठ शिरला, आणि बुटक्या, अरुंद चौकटीनं त्याचा चांगलाच समाचार घेतला.

"लई लागलं का?" रंधा मारणारी मुलगी हसू दाबत म्हणाली. "आबाला कितींदा म्हणलं, ही चौकट काढा. तर म्हणतेत, तुझ्या लग्नातच काढीन."

"मग करून टाका की लग्न... लोकांची डोकी तरी वाचतील."

"टेंगूळ आलेल्यानं सल्ले दिऊ न्हाईत, मास्तर."

माणिकरावांचे हात अलीकडे थरथरत. लेकच सगळं काम करी. शाळा सुटली की सोमनाथ तिथं येऊन बसू लागला. निमित्त पेटीचं, पण डोळे धनश्रीच्या हातांवरून हलत नसत. फळी उजेडात धरून ती एक डोळा मिटायची, आणि कुणालाच न दिसणारा बाक तिला बरोबर दिसायचा. अख्ख्या पेटीला खिळा म्हणून नव्हता. सगळे सांधे खोबणीत बसवलेले, वरून लाकडी खुंट्या ठोकलेल्या. काय तो हात होता! हिच्याकडे जन्मभर असंच बघत बसावं, असं सोमनाथला वाटायचं.

"मास्तर, तुमी पेटी बघाया येता ना?"

"हो... पेटीच."

"पेटी तिकडं हाय. तुमी हिकडं बघायलाव."

त्यानं घाईनं मान पेटीकडे वळवली. मनातलं ओठावर येत नव्हतं, आणि पेटी तर रोज पुढं सरकत होती. ती एकदा पुरी झाली, की या खोलीत यायचं कारणच संपणार होतं. कडी पितळेचीच हवी असा हट्ट धरून त्यानं आणखी आठवडा काढला. मग तीही बसली.

टेम्पो दारात आला. चौघांनी पेटी उचलली आणि दारातच अडली. उभी, आडवी, तिरकी... कशीही करा, चौकटीतून निघेना.

माणिकराव बघतच राहिले. "पोरी, काम घेतलं की तू आदी दाराचं माप घेतीस. कदी चुकली न्हाईस. अन् आजच कावून चुकलीस?"

धनश्रीनं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

सोमनाथनं पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. केसभर बाक हेरणारी ही मुलगी दाराचं माप विसरेल? त्याच्या मनात लख्ख उजाडलं.

"आबा..." तो माणिकरावांपुढं येऊन म्हणाला, "पेटीचं राहू द्या. मला धनश्री आवडते. तिची अन् तुमची ना नसेल, तर..."

माणिकरावांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. मग चौकटीवर हात ठेवून लेकीकडे वळले. "पेटी काढायची तर ही काढावी लागंल. अन् ही तर मी तुझ्या लग्नाबिगर काढायचो न्हाई. बोल, काय करू?"

कोपऱ्यातली पहार उचलून धनश्रीनं ती सोमनाथच्या हातात दिली.

"मंग काढा की, मास्तर," ती हळूच म्हणाली. "पण डोकं सांभाळून."