अडीच मूठ गहू

बोदवडचं रेल्वे फाटक त्या साली उघडं कमी आणि बंदच जास्त असायचं. लढाई चालू होती. आधी लष्कराच्या गाड्या, मग मालगाड्या आणि राहिलाच वेळ तर माणसं. मुलींच्या शाळेत शिकवणारी इंदिरा रोज पाचच्या सुमारास फाटकापाशी येऊन अडकायची आणि मनातल्या मनात त्या लढाईला चार शिव्या हासडायची.

पौषातली एक संध्याकाळ. वारा नाकाला झोंबत होता. फाटकालगतच्या मालधक्क्यावर, वजनाच्या काट्यावरच बैठक मारून एक तरुण बाबू पुस्तक वाचत होता. वाचनात गडी इतका बुडालेला, की शेजारच्या करंडीतली केळी एक शेळी निवांत खातेय याचाही त्याला पत्ता नाही.

"अहो बाबू," इंदिरा म्हणाली, "पोथी मागाहून वाचा, आधी शेळी हाका."

तो दचकून उठला. शेळी हाकली आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "पोथी नाही हो... खुनाची गोष्ट आहे. विलायतेतली."

"मग? कोणी केला खून?"

"तेच तर... अजून तीस पानं राहिलीत."

हा हिलाल, नवा पार्सल क्लार्क. फर्स्ट क्लासमधून जाणारे गोरे साहेब वाचून झालेली पुस्तकं डब्यातच टाकून जात, ती हा उचलून आणायचा आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचा. इंदिराला इंग्रजी बेताचंच. मग काय, फाटकाच्या अलीकडे ती, पलीकडे तो, आणि मधे खुनाची गोष्ट, असा रोजचा रिवाजच पडून गेला. दर पंधरवड्याला टपालवाला त्याला एक पाकीट आणून द्यायचा, ते मात्र तो घाईघाईनं खिशात कोंबायचा.

गोष्टी सगळ्या एका साच्याच्या. एवढंसं खेडं. एक पाद्री, एक डॉक्टर, एक पेन्शनीतला कर्नल, आणि पडद्याआडून गावभर नजर ठेवणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्या. आणि मग एके सकाळी कोणाच्या तरी मुरंब्यात विष.

"हे तर आमचं बोदवडच," इंदिरा म्हणाली. "मुरंब्याच्या जागी लोणचं घाला की झालं."

आणि पोरगी हुशार मोठी. शेवट यायच्या आत खुनी बरोबर पकडायची. "ती पुतणी," ती एकदा म्हणाली. "एवढी रडली, पण रुमाल कोरडाच होता तिचा."

हिलाल बघतच राहिला. "तुमच्यापासून काही लपवणं अवघड आहे, मास्तरीणबाई."

"का, लपवण्यासारखं आहे वाटतं काही?"

तो खाली बघून म्हणाला, "छे. वडील गेले. भाऊ नाही, बहीण नाही. शिंदखेड्याजवळ गावी आई आहे, आणि इथे मी. एवढाच संसार." आणि मग हळूच, "वाढवायचा विचार आहे... कोणी हो म्हणालं तर."

तेवढ्यात फाटक उघडलं. इंदिराला पहिल्यांदाच वाटलं, मेलं आणखी घटकाभर बंद राहिलं असतं तर काय बिघडलं असतं.

अडचण म्हणाल तर काहीच नव्हती. तिचे वडील गिरधर नाना मूळचे शिंदखेड्याकडचेच, कापसाच्या जिनिंगात कामाला म्हणून इकडे आलेले. जात एक, देव एक. दिवाळी झाली की हिलालची आई मागणी घालायला येणार, हे त्या दोघांत न बोलता ठरूनही गेलं होतं. इतकं सुख इंदिराने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग श्रावण आला. कानबाईच्या रोटासाठी, खानदेशातल्या घरोघरच्या त्या देवीच्या नैवेद्यासाठी, हिलाल गावी जाऊन आला. तळहाताला फोड आलेले.

"हे काय?" तिने विचारलं.

"आईचे हात दुखतात. घरचं दळण आणि रोटाचे अडीच मूठ गहू, सगळं मीच जात्यावर दळलं. तुम्ही हसाल म्हणून सांगत नव्हतो."

ती हसली. घरी जाता जाता मात्र तिची पावलं थबकली.

रोटाला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. पोर पाळण्यात असलं तरी त्याच्या नावाची मूठ असतेच. सव्वा आणि सव्वा, अडीच. एक हिलालची. दुसरी कोणाची? वडील वारलेले. भाऊ नाही म्हणून स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं. म्हणजे मुलगा... आणि मुलगा आहे म्हणजे मुलाची आईही आहे. घाईघाईनं खिशात कोंबलेल्या त्या पाकिटांचाही अर्थ तिला लागला. सगळं कसं पुस्तकातल्यासारखं चपखल बसलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

अगं पोरी, एकदा विचारायचं होतंस! पण नाही. दुसऱ्या दिवसापासून ती लांबच्या पुलावरून घरी जाऊ लागली. आठवड्यानं हिलाल पुस्तक घेऊन थेट शाळेच्या दाराशी आला.

"माझं काही चुकलं का? गोष्ट अर्धीच राहिली... खुनी कोण, ते तरी विचारा."

"मी ओळखलाय," ती म्हणाली, आणि वर्गात निघून गेली.

नरडाण्याचं स्थळ सांगून आलं, तेव्हा नानांनी तिला विचारलं. ती हो म्हणाली. मार्गशीर्षात लग्न लागलं.

वऱ्हाड परत निघालं ते दुपारच्या पॅसेंजरनं. रुखवताच्या पेट्या वजन करायच्या होत्या. किल्ल्या नवरीच्या कमरेला, म्हणून नानांनी तिलाच पार्सलच्या खिडकीपाशी उभं केलं आणि ते पाहुण्यांकडे वळले.

हिलालने डोकं मुंडलं होतं. वाळून काटकी झाला होता.

"कोण गेलं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"भाऊ. अभिमन. गेल्या साली 'चले जाव'मध्ये रूळ उखडणाऱ्यांत होता. वॉरंट होतं त्याच्यावर." पेटीला चिठ्ठी बांधता बांधता तो बोलत होता. "मी रेल्वेचा नोकर. भाऊ आहे म्हणून कोणाला सांगणार? पंधरवड्यानं पत्र टाकायचा. दिवाळीत पकडला. तुरुंगात ताप आला..."

इंदिराने खिडकीचा गज धरला. "ती दुसरी मूठ..."

"कसली मूठ?"

तिने सांगितलं. दोन वाक्यांत झालं सांगून. हिलालच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"मला विचारलं असतं तर?" तो म्हणाला. "तुम्हाला मी सांगितलं असतं. फक्त तुम्हाला."

"मला वाटलं... मला सगळं कळतं."

"मी दिवाळीनंतर येणारच होतो, इंदिरा." आजवर त्याने तिला नुसत्या नावानं कधी हाक मारली नव्हती.

गाडी आली. करवल्यांनी तिला हाताला धरून डब्यात चढवलं. फाटकापाशी माणसं गाडी जायची वाट बघत उभी होती. ते फाटक मागं पडलं, आणि मग ती रडली. तोंडात पदर कोंबला तरी आवाज आवरेना.

सासूने तिला मायेनं कुशीत घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"रडी ले माय," ती म्हणाली. "माहेर सोडताना बठ्ठ्या पोरी रडतीस."