सोडून दिलेला विचार

अमरावतीच्या कॉलेजांत आता बेसबॉलच्या सरावाला बॅटच न नेणाऱ्या मुली दिसू लागल्या होत्या. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून, डोळ्यांवर काळा चष्मा चढवून त्या पिचरकडे, म्हणजे चेंडू फेकणारीकडे, नुसत्या टक लावून बसायच्या. काय हा आळस, असं कुणालाही वाटावं. स्वरूपा बोंडेलाही पहिल्या दिवशी तेच वाटलं आणि तिनं ते डॉ. देवपुजारींना तोंडावर सांगून टाकलं. पोरगी तशी फटकळच!

डॉक्टर मेंदूशास्त्राचे, हा सराव त्यांनीच काढलेला. रागावले नाहीत. त्यांनी समजावलं ते असं: फेकलेला चेंडू पापणी लवते न लवते तोच येऊन ठेपतो, तो पाहून मग बॅट फिरवू म्हणणारीला उशीर झालेलाच असतो. म्हणून चांगली बॅटर चेंडूआधी माणूस बघते. हात हलण्यापूर्वी मेंदू त्याची तयारी करतो आणि ती तयारी मानेत, खांद्यात, बोटांत बारीकशी थरथर उमटवते. तिला डॉक्टरांनी नाव दिलं होतं पूर्वखूण. चष्मा ती खूण मोठी करून दाखवी. काही आठवड्यांत मेंदूला सवय झाली की चष्म्याची गरजच उरत नसे.

"आणि नकोसं झालं तर विसरता येतं का, सर?" स्वरूपानं विचारलं होतं.

"तुला वाचता येतं ना? मग दुकानावरची पाटी न वाचता नुसती बघून दाखव."

खरं तर सरावाला वेगवेगळ्या पिचर हव्यात. पण कॉलेजात धड फेकणारी एकटी निमिषा काळमेघ, स्वरूपाची शाळेपासूनची मैत्रीण. दोघी एका डब्यात जेवणाऱ्या. निमिषा बिचारी भर उन्हात, खांदा भरून येईस्तोवर फेकत राही आणि स्वरूपा तिलाच पाहत राही. आपण हिला बेसबॉल शिकवत नसून एकच माणूस वाचायला शिकवतोय, हे डॉक्टरांच्याही ध्यानात आलं नाही. महिन्याभरात निमिषाचा एकही चेंडू स्वरूपाच्या बॅटमधून सुटेना. निमिषा कौतुकानं कपाळाला हात लावायची.

मग विद्यापीठाच्या संघात एकच जागा उरली आणि निवड समितीनं नेमक्या या दोघींना समोरासमोर उभं केलं. तीन चेंडूंत स्वरूपानं रेषेच्या आत टोला मारला तर ती, बाद झाली तर निमिषा. पहिले दोन चेंडू स्वरूपानं सणसणीत हाणले, पण दोन्ही रेषेबाहेर गेले. आता शेवटचा.

निमिषानं हात मागे घेतला. तिच्या खांद्यात काहीतरी हललं, मनगट आत वळू लागलं आणि स्वरूपानं ते वाचलं: चेंडू आपल्या कोपरावर येतोय, मुद्दाम. विचार करायला वेळच नव्हता. बॅट टाकून ती मातीत आडवी झाली. चेंडू मात्र सरळ, अगदी मधोमध येऊन मागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात विसावला. स्वरूपा बाद.

डॉक्टरांना तिनं त्यांच्या खोलीत गाठलं. "सर, माझं वाचन चुकलं का?"

डॉक्टर म्हणाले, "नाही. पूर्वखूण ही फक्त तयारी. मेंदू तयारी करतो आणि शेवटच्या क्षणी ती मोडूनही टाकतो. तिच्या मनात आलं असेल आणि तिनं ते सोडून दिलं असेल. कदाचित तिला स्वतःला पत्ताही नसेल. असं आपल्या सगळ्यांच्या मनात रोज येतं गं. सोडून देतो म्हणूनच तर आपण माणसं बरी."

स्वरूपाला ते पटलं. मनापासून पटलं. निमिषानं वाईट काहीच केलं नव्हतं, उलट मोहाच्या क्षणी ती चांगली वागली होती.

बाहेर निमिषा थांबलीच होती. जागा मिळूनही तिचा चेहरा उतरलेला. "काऊन गं पडली तू?" ती म्हणाली. "मी तुला मारीन असं वाटलं तुला?"

पाय घसरला, असं स्वरूपा सांगणार होती. निमिषा तिला जवळ घ्यायला पुढे झाली. तिचे हात अजून उचललेही गेले नव्हते, तोच स्वरूपा एक पाऊल मागे सरकली होती.

निमिषा जागीच थांबली. आपल्या मनात आत्ता नेमकं काय येऊन गेलं, हे ती मैत्रिणीच्या चेहऱ्यावर शोधू लागली.