आईच्या टोपलीतलं बियाणं

भुईकान सात पाण्यांतून धुवावे लागतात. पाऊस पडला की जमिनीवर फुगून येणारं हे हिरवट शेवाळ. अंड्यात परतलं तर झकास लागतं, पण वाळूचा एक कण राहिला तरी गिऱ्हाईक ताट मागे सारतं. आई हे नदीकाठी वेचायची. मी अंगणाच्या कडेला खडी अंथरून, वर काळी जाळी बांधून पिकवते. इथल्या, तैवानमधल्या ह्वालिएन शहराच्या दोन खाणावळी माझ्याकडूनच नेतात.

गेल्या वर्षी वादळ ओसरल्यावर आई वेचायला गेली, ती परतली नाही. काठावर तिची टोपली तेवढी सापडली, तळाशी वाळून कागद झालेले भुईकान. गेलेल्या माणसाने वेचलेलं नदीला परत द्यायचं, ही आमच्या घरची रीत. पण त्याच सुमारास नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याने माझा वाफा मेला होता, आणि बियाणं काही आभाळातून पडत नाही. खरं सांगायचं तर आईच्या हातचं शेवटचं मला सोडवेना. मी ते भिजवून खडीवर पसरलं.

पहिल्या पावसानंतर दोनच जागी शेवाळ धरलं. दोन अनवाणी पावलं, बोटं घराकडे. अंगठे बाहेर फाकलेले, आईचे होते तसेच. मी शेजारी माझा डावा पाय टेकवून पाहिला. त्याची करंगळी लहानपणीच विळ्याखाली गेली. आईचं पाऊल माझ्यापेक्षा बोटभर मोठं होतं.

पुढच्या पावसाला आणखी दोन पावलं आली. मग ती वाफा सोडून सिमेंटच्या अंगणात उतरली. मी त्यातलं चिमूटभरही खुडलं नाही. खाणावळवाल्यांना थापा मारल्या.

आईचा धाकटा भाऊ, उनाकमामा, बघायला आला. सुपारी चघळत पावलांच्या कडेकडेने फिरला.

"खरवडून काढ सगळं. आजच नदीत सोड."

"आई घरी येतेय, मामा. येऊ दे की."

"तुझी आई सावमाह रिकाम्या हाताने कधी परतलीय का?"

मामाला थट्टेची सवय आहे. मी हसले. तो हसला नाही.

परवाच्या पावसात पावलं उंबऱ्याला लागली. मी दार सताड उघडं ठेवलं. तिच्या आवडीचा आल्याचा रस्सा केला, दोन वाट्या मांडल्या. कोणी आलं नाही. रस्सा निवला, तशी मी पोरीसारखी रडले.

आज पहाटे पुन्हा सर येऊन गेली. उजाडल्यावर मी अंगणात आले.

वाफ्यापासून उंबऱ्यापर्यंतची पावलं नव्हती. तिथलं सिमेंट स्वच्छ होतं.

नवी पावलं दारातून निघून फाटकाकडे चालली होती. बोटं नदीकडे.

दोन माणसांची होती. एकीचे अंगठे फाकलेले.

दुसरीची पावलं बोटभर लहान. डाव्याला करंगळी नव्हती.

असं शेवाळ धरायला महिना लागतो. मी वाकून चिमटीत धरून पाहिलं. जाड, जून, वेचणीला आलेलं.

फाटकाच्या अलीकडे दोन पावलांची जागा तेवढी मोकळी आहे. दुपारी पाऊस सांगितलाय.