वरातीच्या गाडीला बसवलेलं मडकं

त्या सालांत सोलापुरात ज्याची वरात हिंदुरावच्या गाडीतून निघाली नाही, त्याचं लग्न लागलं म्हणायचं, पण बायको ते जन्मभर ऐकवायची. गाडी विलायती, उघड्या टपाची. कुणा गिरणीवाल्यानं वापरून टाकलेली. हिंदुरावनं तिला असा लालभडक रंग दिला होता की नवरदेवाचं घाबरलेलं तोंडसुद्धा त्यात खुलून दिसे. टप मागं दुमडला की नवरा-नवरी जत्रेतल्या बाहुल्यांसारखे उंच बसत आणि आख्खी पेठ त्यांना न्याहाळत राही.

खोट एकच. गाडीतला जुना रेडिओ. तापायलाच त्याला निम्मी वरात लागे, आणि तापला की गायचा कमी, खोकायचा जास्त.

आता सगळीकडं कॅसेटी आल्या होत्या. हिंदुरावनं मुंबईला जाणाऱ्या ट्रकवाल्याकडून जपानी प्लेअर मागवला, आणि साखर पेठेत धुळाप्पाच्या दुकानापुढं गाडी उभी केली. धुळाप्पा रेडिओ दुरुस्त करायचा. म्हणजे उघडायचा नक्की. पुढचं ज्याचं त्याचं नशीब.

"किती मोठा आवाज पायजे?" धुळाप्पानं विचारलं.

"गाडी हाकताना डोस्क्यात दुसरं काय येऊ नये, एवढा."

धुळाप्पाची जीभ एरवी तिथंच सुटली असती. पण त्यानं नुसता पान्हा उचलला. कारण त्याला ठाऊक होतं, डोक्यात काय येतं ते.

मागल्या उन्हाळ्यात हिंदुरावची बायको, सारजाबाई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, करमाळ्याकडं. कळा सुरू झाल्या आणि ती अडली. माहेरच्यांनी माणूस पिटाळला, गाडी घेऊन या, दवाखान्यात न्यायचंय. गाडी त्या दिवशी कुर्डुवाडीत वरातीला. नवऱ्याच्या मित्रांना नाचायला अजून एक चौक पाहिजे होता, मग अजून एक. निरोप्या गर्दीत नुसता हात हलवत राहिला. लोकांना वाटलं, हाही नाचतोय. हिंदुराव पोचला तेव्हा चितेची राख झाली होती. लेकरू पोटातच गेलं. खांद्यावर मडकं मेव्हण्यानं घेतलं होतं.

"शेवटाला काय म्हनली?" हिंदुरावनं विचारलं होतं.

मेव्हणा खाली बघून म्हणाला, "दुसरं काय म्हनंल? गाडी आली का... एवडंच."

तर त्याला आवाज पाहिजे होता.

"उगडी गाडी म्हंजी फाटका खिसा," धुळाप्पा म्हणाला. "वरनं टाकलेला आवाज खालनं जातोय. दारात दोन बारकी स्पीकर लावतो आन् मागच्या शिटामागं मोठा, मडक्यात. घुमला पायजे! माज्या घरी रेडू मडक्यावरच हाय. बायको बोलाय लागली की तिचाबी आवाज घुमतोय, त्येला विलाज न्हाय."

कुंभाराकडनं नवं मडकं आणून धुळाप्पानं ते पाण्यानं भरून ठेवलं. ओल्या मातीला भोक पाडलं तर तडा जात नाही, ही त्याची विद्या. सकाळी भोकं पाडायची होती: दोन तारांना आणि एक वारा खेळायला. पण खाली सगळीकडं सीटा, पान्हे, तारा. मडकं टेकवायला जागा नाही. धुळाप्पानं ते भरलेलंच खांद्यावर घेतलं.

"म्या धरतो, तू मागनं टोच. हळू. माजं डोस्कं न्हवं, मडकं."

हिंदुरावनं टोकदार दगड घेऊन टोचलं. पाण्याची चिळकांडी धुळाप्पाच्या मानेवर. "आगाई गं!" करत तो गाडीभोवती पळाला. हिंदुराव मागनं. दुसरं भोक, दुसरी फेरी. तिसरं भोक, तिसरी फेरी. धुळाप्पाची विजार भिजली, आणि हिंदुराव वर्षात पहिल्यांदा हसला. खदखदून.

समोरच्या पायरीवर सुंदरम्मा विड्या वळत बसलेली असे. विणकराच्या घरातली तेलगू म्हातारी. एरवी या दोघांचा तमाशा तिला फुकटची करमणूक. पण आत्ता ती उभी राहिली, आणि मांडीवरचं सूप पानांसकट खाली पडलं.

"अय्यो... काय करतावरे तुमी?"

"इस्पीकर, अम्मा!"

"मुडद्यांनो! खांद्यावर मडकं, मागनं दगड, तीन भोकं, तीन फेरे... हे गाडीला करतेत का?"

हिंदुरावचं हसू तोंडातच राहिलं. हातात दगड तसाच. धुळाप्पाच्या खांद्यावरून पाणी पडत होतं, टप... टप...

"फोडा ते," सुंदरम्मा हळू म्हणाली. "पाठीमागं टाका आन् फोडा, वळून बघू नका. अर्धं ठिवलं तर ज्याचं आसंल ते घुटमळतंय."

"अम्मा, असला घुमणारा माल पुन्ना गावायचा न्हाय," धुळाप्पा म्हणाला. पण हसला नाही. त्यानं हिंदुरावकडं बघितलं.

हिंदुराव मडक्याकडं बघत होता. वर्षापूर्वी जे त्याच्या वाट्याचं होतं आणि वाट्याला आलं नाही, ते आज असं चेष्टेत आलं होतं. आलं तसं लगेच फोडायला त्याचा जीव होईना.

"बशीव," तो म्हणाला.

दिवेलागणीला काम झालं. टप दुमडून दोघं अक्कलकोट रोडला निघाले. मागची सीट रिकामी. धुळाप्पानं वरातीच्या बँडची कॅसेट घातली. काय आवाज! रस्त्यावरची कुत्री बाजूला झाली. एमआयडीसीतून सुटून सायकलींवर निघालेले कामगार माना वळवून बघत होते. यंत्रमागांची खटखट त्या आवाजात बुडून गेली.

पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी टेपची नुसती घरघर असते, तेवढ्यात मडक्यात कुणीतरी श्वास घेतला.

मोठा. अडकत अडकत. मग सोडला.

"तुला..." धुळाप्पा म्हणाला.

"गप."

वारा समोरून होता, तरी वास मागून आला. ओल्या मातीचा आणि तिच्यात मिसळलेला ओवा-शेपाच्या धुरीचा, बाळंतिणीच्या खोलीत असतो तसला. धुळाप्पानं कॅसेट उपसून काढली. श्वास थांबला नाही. त्यानं वाकून तार तोडली. तरी थांबला नाही. उलट जवळ आला. मग कण्हणं. आणि त्यातून, थकलेल्या आवाजात...

"गाडी... आली का?"

हिंदुरावनं मान वर केली. आरशात मागची सीट रिकामीच दिसत होती.

"गाडी... आली का वो?"

"आली गं," हिंदुराव म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा फुटला. "आली, सारजा. ही बघ, आली की."

गाडीच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा करकरला आणि डावी बाजू खाली बसली. जड बाई जपून बसते तशी, हळूच.

हिंदुरावनं गाडी वळवली.

"कुटं निगालास?" धुळाप्पा कुजबुजला.

"दवाखान्यात."

खड्डा आला की हिंदुराव वेग कमी करी, मागं न बघता "धर हां" म्हणे. कण्हणं वाढत होतं. धुळाप्पानं जन्मात पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं, आणि कुठल्या देवाचं घ्यावं ते न सुचल्यानं सगळ्यांचं घेतलं.

दवाखान्याच्या फाटकाशी मायाक्का आया उभी होती. गाडी थांबली तशी ती सवयीनं मागच्या दाराशी आली, आत वाकली आणि रिकाम्या सीटला म्हणाली, "उटा बाई. माजा हात धरा. हळू."

पाटा वर उचलला गेला. मायाक्का एक हात कुणाच्या तरी कंबरेमागं धरल्यासारखा ठेवून, पाऊल-पाऊल, आत गेली.

हिंदुराव पायरीवर बसून राहिला. उदबत्ती जळून जावी एवढा वेळ गेला असेल. मायाक्का परत आली. तिचे दोन्ही हात छातीशी दुमडलेले होते, आणि ती जपून चालत होती.

"बाई न्हाय ऱ्हायली," ती म्हणाली. "लई उशिरा आनलंत वो. ह्ये तेवडं घ्या."

हिंदुरावनं हात पुढं केले. मायाक्काचे हात रिकामे होते, हे धुळाप्पा कुणाचीही शपथ घेऊन सांगायचा. पण हिंदुरावचे हात, ते न दिसणारं ओझं ओंजळीत येताच, वजनानं खाली गेले. मग त्यानं ते सावरून खांद्याशी धरलं.

दुसऱ्या दिवशी धुळाप्पानं मायाक्काला गाठून विचारलं. ती म्हणाली, "रोज किती येत्यात. ध्यानात कुटं ऱ्हातंय?"

मडकं त्याच सकाळी काढलं. हिंदुरावनं ते पाठीमागं टाकून फोडलं, वळून बघितलं नाही. गाडीत लाकडी खोका बसवला. आवाज बरा येतो. वराती निघतात, लोक नाचतात. फक्त हिंदुराव आता एका हातानं गाडी हाकतो, आणि कुणी कितीही ओरडलं तरी आवाज मोठा करत नाही.

आणि ज्ञानबा परीट. तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. हिंदुरावच्या प्रत्येक सदऱ्यावर, डाव्या खांद्याला, आंबूस दुधाचा डाग असतो. घासला तर जातो, पुढच्या धुण्यात पुन्हा येतो. त्याबद्दल ज्ञानबानं कधी तक्रार केली नाही. पण परवा कपडे द्यायला आला तेव्हा तो दारातच घुटमळला.

"मालक, राग मानू नगा," तो म्हणाला. "औंदा सदऱ्याच्या गुंड्या चावलेल्या येत्यात."