वाळूत पुरलेली त्रिवेणी

चिक्कडपल्लीच्या हार्डवेअरच्या दुकानात घडीचं छोटं फावडं एकच उरलं होतं, आणि त्यावर दोन हात एकदमच पडले. एक सुमेधाचा, दुसरा एका उंच, हसऱ्या मुलाचा. कशाला पाहिजे, असं दुकानदारानं विचारलं, तर दोघंही एका सुरात म्हणाली, "बर्फ उकरायला." हैदराबादेत! दुकानदार बघतच राहिला. प्रज्ञेशनं फावडं तिला देऊन टाकलं. तिची झोप मात्र घेऊन गेला.

दोघंही हणमंतरावांच्या वर्गातली निघाली. हणमंतराव फौजेतून निवृत्त झालेले. जानेवारीत ते दहा जणांना गुलमर्गला नेणार होते, जिथं रोपवे पोचत नाही अशा कोऱ्या उतारांवर स्की शिकवायला. त्याआधी दर रविवारी सकाळी बरकतपुऱ्यात, एका अर्धवट इमारतीपुढच्या वाळूच्या ढिगावर, जीव वाचवायचे धडे. उतारावरून एका वेळी एकानंच जायचं आणि जोडीदारानं त्याच्यावरची नजर क्षणभरही काढायची नाही. कुणी बर्फाखाली गाडलं गेलं, तर त्याच्या छातीवरच्या बीकनचा, म्हणजे सतत इशारा पाठवणाऱ्या छोट्या यंत्राचा, माग घेत पंधरा मिनिटांच्या आत त्याला बाहेर काढायचं.

जोड्या शेवटच्या रविवारी ठरणार होत्या. सुमेधाला जोडीदार एकच हवा होता.

आणि मध्येच ही त्रिवेणी उपटली! हिला औलीच्या बर्फावरचा अनुभव, हिला सगळं येतं... फक्त सॅकचा पट्टा स्वतःचा स्वतःला आवळता येत नाही. "प्रज्ञेश, जरा बघतोस?" आणि हा शहाणा लगेच बघायचा. दोन महिने सुमेधाच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

शेवटच्या रविवारी त्रिवेणीचं बीकन पिशवीत घालून वाळूत पुरलं गेलं. आत त्रिवेणीच आहे असं समजा, हणमंतराव म्हणाले. सुमेधाला ते समजायला मुळीच जड गेलं नाही. शोधायचं होतं प्रज्ञेशनं. बाकीच्यांनी आपापलं बीकन 'सेंड'वरून 'सर्च'वर न्यायचं, म्हणजे हाक फक्त पुरलेल्याचीच येईल. नेमका तेव्हाच त्रिवेणीचा पट्टा सैल झाला. प्रज्ञेश वाकला, सुमेधा बघत राहिली, आणि तिचा अंगठा बटणावर तसाच थांबला.

प्रज्ञेश निघाला. त्याच्या बीकनच्या पडद्यावर अंतराचे आकडे उतरत होते... वीस, बारा, सात. पण तो ढिगाला पाठ करून चालला होता. खाली मान घालून येता येता त्याचे बूट सुमेधाच्या बुटांपुढे थांबले. त्यानं वर पाहिलं.

"...तू?"

सगळे हसले. हणमंतराव हसले नाहीत. एवढ्या वेळात बर्फातली मुलगी गेली असती, असं ते शांतपणे म्हणाले. मशीनच बिघडलं असेल सर, असं त्रिवेणी मनापासून म्हणाली, आणि सुमेधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मशीन ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही सांगत होता तेव्हा माझं लक्ष नव्हतं, सर. मी... या दोघांकडं बघत होते. दर रविवारी बघते."

अशा मुलीच्या भरवशावर मी कुणाला सोडू, हणमंतरावांनी विचारलं.

"मला सोडा, सर," प्रज्ञेश म्हणाला. "नजर न काढणारा जोडीदार पाहिजे ना? ही दोन महिन्यांपासून तेच करायली." मग आवाज खाली आणत, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी बी बघतच होतो की... नाहीतर मला कसं कळलं असतं?"

सुमेधाचे कान तापले. हणमंतराव ढिगाकडं बोट दाखवत दोघांना म्हणाले, आधी त्या त्रिवेणीला बाहेर काढा.

या वेळी बटण सुमेधानं दोनदा तपासलं, आणि त्याच फावड्यानं चार मिनिटांत वाळू उपसून पिशवी वर काढली. त्रिवेणीचं काही बघून तिला पहिल्यांदाच आनंद झाला. प्रज्ञेश नियमाप्रमाणे बाजूला उभा होता. त्यानं तिच्यावरची नजर क्षणभरही काढली नव्हती.