चौथ्या मजल्यावरचा अडकलेला कॉल

रात्रीचे दोन वाजून चाळीस मिनिटं. रुग्णवाहिका नियंत्रण कक्ष, चौथा मजला. खोलीत दोन माणसं: माझा सख्खा भाचा आणि फोन घेणारी ताई.

पानं छपाईला गेली आहेत, तुम्हालाही घरी जायची घाई दिसत नाही, तर ऐका. आणि ए कॅमेरावाल्या, दात काढू नकोस. आयुष्यभर बातम्या लिहिल्या, भुताची एकही लिहिली नाही. हीसुद्धा छापली नाही. छापली ती वेगळी.

भाचा तिथे दिवसपाळीला; त्या रात्री मित्राच्या बदली गेला होता. मित्राकडे पाहुणे होते, एवढंच. काम बसूनच करायचं. कॉम्प्युटरवर एक पान उघडं ठेवायचं. त्यावर ओळी. फोन नोंदवणारी यंत्रणा ही एक ओळ, नकाशाची एक, गाडी पाठवणाऱ्या यंत्रणेची एक. चालू असली तर हिरवी, बंद पडली तर लाल. लाल झाली की शेजारचं बटण दाबायचं. यंत्रणा पुन्हा सुरू.

आता यातली हरामखोरी ऐका. ओळ तीन मिनिटांपेक्षा जास्त लाल राहिली की कक्ष चालवणाऱ्या कंपनीला सरकारातून जाब विचारतात आणि कंपनी तो राग रात्रपाळीवर काढते. म्हणून लाल दिसलं की बटण. विचार करायचाच नाही. पण बटण दाबताना यंत्रणेच्या हातात जो कॉल असेल, तो बाजूला पडतो. 'सकाळी बघू'च्या ढिगात. रुग्णवाहिका मागणाऱ्याचं सकाळी काय बघणार, डोंबल? सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे दाबत होते.

पूर्वी रात्री त्या खुर्चीत अण्णा म्हणून एक जण बसायचे. तेव्हा कंपनी रात्री एकच माणूस ठेवायची, फोनही त्यानेच घ्यायचे. एका रात्री अण्णांच्या छातीत कळ आली. त्यांनी स्वतःसाठी गाडी मागवली. नेमकी तेव्हाच ओळ लाल झाली. कंपनीच्या साहेबांनी घरून, अंथरुणात पडल्या पडल्या, मोबाइलवरून बटण दाबलं. ओळ हिरवी. अण्णांचा कॉल ढिगात. सकाळी झाडणाऱ्या मावशींना ते खुर्चीतच सापडले.

तर, दोन चाळीस. गाडी पाठवणारी ओळ लाल झाली. भाच्याने बटण दाबलं. हिरवी. लगेच लाल. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

"अरे, काय खेळ मांडलायस?" ताई ओरडली. "पाच वर्षांची मुलगी आहे, श्वास अडकलाय तिचा. बाप रडतोय इकडे. गाडी हलत का नाही?"

"आधीचं काहीतरी अडकलंय, ताई."

"मग काढ ना बाहेर!"

चालकांकडे पूर्वी वॉकीटॉकी होते. कंपनीने काढून घेतले, चालकांचे मोबाइल नंबरही कक्षात ठेवले नाहीत. सगळं पानावरून होतंय, कशाला हवेत म्हणे! आता गाडीला हाक मारायला दुसरा मार्गच नव्हता.

भाच्याने अडकलेला कॉल उघडला. तक्रार, छातीत कळ. पत्ता... हीच इमारत. चौथा मजला. हीच खोली.

"ताई, हा तू नोंदवलास?"

"मी एकच घेतलाय. मुलीचा."

त्याने तो कॉल रद्द केला. परत आला. ढिगात टाकला. परत आला. खोलीत कुणीतरी धापा टाकत होतं. ताईला वाटलं, भाचा. भाच्याला वाटलं, ताई. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं...

दोघांचेही श्वास रोखलेले होते.

भाच्याने साहेबांना फोन लावला. साहेब झोपेतच गुरकावले, "अरे, पाठव त्याला एक गाडी आणि कर हिरवं! मला लाल दिसता कामा नये."

भाच्याने पाठवली.

ओळ हिरवी झाली. धापा थांबल्या. पण यंत्रणेने उचलली सगळ्यात जवळची गाडी. मुलीच्या घरालाही तीच जवळ होती. मुलीला मिळाली ती नदीपलीकडची.

ताईने फोन कानाशी तसाच धरला होता. बाप बोलायचा थांबला होता. मागे एक बाई मुलीला हाक मारत होती. एकच हाक. पुन्हा. पुन्हा... मग तीही नाही.

जवळची गाडी खाली येऊन लागली. चालक आणि त्याचा जोडीदार स्ट्रेचर घेऊन वर आले.

"पेशंट कुठाय?"

भाचा खुर्चीतून उठून बाजूला सरकला. गाडीवाले दोघं शिव्या घालत रिकामं स्ट्रेचर घेऊन लिफ्टमध्ये शिरले.

मी छापली ती मुलीची बातमी. कंपनीचा खुलासा आला, 'त्या रात्री यंत्रणा अखंड चालू होती.' तीन मिनिटांच्या आतलं लाल ते धरतच नाहीत. भाच्याला काढलं. साहेब आहेत तिथेच आहेत. मुलीच्या बापाने मला एवढंच विचारलं, "आमच्या आधी कोण होतं?"

चालकाला नंतर मी गाठलं. म्हणाला, "लिफ्ट खाली उघडली, तेव्हा स्ट्रेचरचे पट्टे लावलेले होते. आम्ही नाही लावले, साहेब. हात लावायची हिंमतही नाही झाली."

कोणी लावले, म्हणून कंपनीला लेखी विचारलं. उत्तर नाही. मग स्वतः जाऊन पाहिलं. गाडीतळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलंय ते स्ट्रेचर. पट्टे अजून लावलेलेच आहेत. गादीपासून वीतभर वर... ताठ.

खाली काही नाही.